मिक्सर लावला की मूल किंचाळतं? कमलाबाई निंबकरांचं काम इथे उपयोगी पडतं!

मीरा रोड किंवा भाईंदरच्या फलाटावर लोकलचा भोंगा वाजतो आणि एखादं मूल कान दाबून खाली बसतं. बघणारे म्हणतात, हट्टी आहे, लाडावलंय. पण ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना आवाज, उजेड, वास, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात. सगळं एकदम अंगावर आलं की मेंदूला ते पेलवत नाही. हाच सेन्सरी ओव्हरलोड.

अशा मुलांना ज्या ऑक्युपेशनल थेरपीची मदत होते, ती भारतात रुजवली कमला निंबकर यांनी. 1900 साली अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंचं मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या, कमला झाल्या आणि इथल्याच झाल्या.

पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी या थेरपीचं शिक्षण घेतलं आणि 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपी विद्यालय सुरू केलं. 1952 मध्ये थेरपिस्टांची देशव्यापी संघटना उभी राहिली, त्यामागेही त्याच होत्या. या थेरपीचा हेतू साधा आहे: औषधाच्या पुढे जाऊन माणसाला अंघोळ, जेवण, शाळा, काम ही रोजची कामं शक्य तितकी स्वतः करता यावीत.

कमलाबाईंचं काम ऑटिझमपुरतं नव्हतं. मेंदू संवेदना कशा जुळवतो, याची मांडणी त्याच पेशातल्या अमेरिकेच्या जीन एअर्स यांनी 1972 च्या पुस्तकात केली. आज मुलांचे थेरपिस्ट या दोन्ही वारशांवर काम करतात.

घरी काय करता येईल?

👉 कशाने त्रास होतो, ते आठवडाभर लिहून ठेवा.
👉 मिक्सर लावण्याआधी, कुकरची शिट्टी होण्याआधी मुलाला सांगा.
👉 शर्टाचं टोचणारं लेबल कापा. गर्दीत कानांवर हेडफोन द्या.
👉 त्रास सुरू झालाच, तर रागावू नका, प्रश्न विचारू नका. शांत जागी न्या, दिवे मंद करा, थांबा. मुलाला आवडत असेल तरच जवळ घ्या.
👉 ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्या. प्रत्येक मूल वेगळं असतं.

कमलाबाई 1979 मध्ये गेल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा आजही त्यांचं नाव सांगते. पुढच्या वेळी फलाटावर असं मूल दिसलं, तर टक लावून बघू नका. त्याला आणि त्याच्या आईला थोडी जागा द्या.