सहा ठिपक्यांचा शिल्पकार : लुई ब्रेल

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखादा मनुष्य कामानिमित्त पणजीस गेला आणि मोठ्या इमारतीत शिरला, की त्याची नजर प्रथम पाट्या शोधू लागते. कचेरी कोणत्या मजल्यावर, जिना कोणीकडे, खोलीचा क्रमांक काय, हे सारे त्यास भिंतच सांगते. परंतु ज्यास दृष्टी नाही, त्याच्यापुढे तीच भिंत मुकी उभी असते. अलीकडे काही इमारतींत लिफ्टच्या बटणांपाशी वा दाराजवळच्या पाटीवर बारीक उंचवट्यांचे ठिपके दिसतात. आपण डोळस माणसे त्यांच्याकडे सहसा लक्ष देत नाही. परंतु मुक्या भिंतीस वाचा फुटते ती त्यांच्यामुळेच. हे ठिपके जगास देणाऱ्या लुई ब्रेल याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या कूव्रे या खेड्यात झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर व चामड्याचा साज बनवीत. तीन वर्षांचा लुई एके दिवशी त्यांच्या कारखान्यात हत्यारांशी खेळत असता चामड्यास भोके पाडण्याची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाच वर्षांचा होईतो मुलगा पूर्ण अंध झाला.

त्या काळी अंध मुलाच्या वाट्यास बहुधा परावलंबनच येई. परंतु लुईच्या आईवडिलांनी धीर सोडला नाही. गावचे धर्मगुरू व शिक्षक यांच्या साहाय्याने तो डोळस मुलांबरोबर शाळेत बसू लागला आणि केवळ ऐकून शिकू लागला. १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, त्यास पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला. ही शाळा व्हॅलेंटिन आउई या परोपकारी गृहस्थाने स्थापिली होती. तेथे रोमन अक्षरे कागदावर उठवून छापलेली मोठाली, जड पुस्तके होती. एकेक अक्षर बोटाने चाचपीत वाचताना वाक्याचा आरंभ विसरावा, अशी अवस्था होई. आणि मुलांना स्वतःच्या हाताने तसे लिहिणे तर अशक्यच होते.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी या शाळेत आली. तिच्यात बारा ठिपक्यांपर्यंतचा समूह असे. तो एका स्पर्शात बोटाखाली मावत नसे; शिवाय ती उच्चारांची लिपी असल्याने तिच्यात शुद्धलेखन साधत नसे. बारा वर्षांच्या लुईने तिचे मर्म व तिचे दोष दोन्ही ओळखले. दिवसा अभ्यास व रात्री प्रयोग असा त्याचा क्रम सुरू झाला. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. म्हणजे बोटाच्या टोकास एका स्पर्शात कळेल एवढेच अक्षर. या सहांपासून त्रेसष्ट चिन्हे होतात. त्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे व संगीताची स्वरलेखनपद्धतीही सामावते. १८२९ मध्ये ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लिहिण्याच्या अणकुचीदार लेखणीचे रूप आरीसारखेच असते, हा योगायोग मनास चटका लावतो.

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. तो उत्तम ऑर्गनवादकही होता. विद्यार्थ्यांनी त्याची लिपी आनंदाने उचलली. विरोध झाला तो डोळसांकडून. डोळ्यांना सहज वाचता न येणारी लिपी त्यांना गैरसोयीची वाटली. १८४० नंतर नव्या संचालकांनी तिच्यावर बंदी घातली, तरी मुले ती गुपचूप लिहीतच राहिली. अखेर १८४४ मध्ये शाळेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी या लिपीचे प्रात्यक्षिक सर्वांसमोर झाले आणि विरोध ओसरला. परंतु क्षयाने लुईचे शरीर पोखरले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, त्याने देह ठेवला. शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये! शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, फ्रान्सने त्याच्या अस्थी थोर पुरुषांच्या पँथिऑन या स्मारकात नेल्या. हात मात्र कूव्रे गावातच राहिले.

एकच भाषा निरनिराळ्या लिपींत लिहिता येते, हे कोंकणी देवनागरीत व रोमीत वाचणाऱ्या आम्हां गोमंतकीयांस सांगावयास नको. ब्रेल हीसुद्धा भाषा नव्हे, लिपी आहे. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धती ठरली. तीत डाव्या रांगेतील वरचा एकच ठिपका म्हणजे अ. त्याच रांगेतील वरचा व खालचा मिळून क.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांस सुगम करणे बंधनकारक केले. आपल्या पेडणे तालुक्यातील मोपा येथून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने उडू लागली, आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे लुईच्या पुण्यतिथीस, पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट सुरू झाला. मोठ्या वास्तू आता आपल्या दाराशी उभ्या राहत आहेत. परंतु पाटी हाताच्या आवाक्याबाहेर टांगली, काचेआड बसविली किंवा दार उघडताच तिच्यावर येईल अशी लावली, तर तिच्यावरील ठिपके व्यर्थच होत. ती दाराच्या कडीच्या बाजूस, भिंतीवर, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर असावयास हवी. हे कोणास विचारावे? जो बोटांनी वाचणार आहे, त्यासच.

लुईच्या चरित्राचा हाच बोध आहे. डोळसांनी अंधांसाठी केलेली अक्षरे जड ठरली. अंध मुलाने केलेली लिपी जगभर गेली. बालमित्रांनो, उद्या तुमच्यांपैकी कोणी वास्तुशिल्पी, कोणी अभियंते, कोणी पंचायतीचे सभासद व्हाल. तेव्हा भिंतीवर पाटी लावण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटा, हात पुढे करा, आणि ती तुम्हांस सापडते का ते पाहा.