कमलाबाई सोहोनी : अटी घालून मिळालेला प्रवेश

बंगळुरूत स्थायिक झालेल्या आपणा मराठी मंडळींना ‘टाटा इन्स्टिट्यूट’ नवीन नाही. जमशेटजी टाटांच्या दानातून १९०९ साली उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे हे बोलीतले नाव. या संस्थेच्या दाराशी एका मराठी मुलीला झगडावे लागले होते. विद्येची देवता असलेल्या गणरायाच्या उत्सवात तिची आठवण करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. प्रसिद्ध विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि टाटा इन्स्टिट्यूटचेच विद्यार्थी. आपणही तिथेच संशोधन करायचे, हे कमलाबाईंनी मनाशी ठरवले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्यांनी अर्ज केला. तो नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. मुलींना संशोधन झेपणार नाही, असे त्यांचे मत होते.

येथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घराणे तेच, विषय तोच, गुण तर सर्वांत जास्त. वडिलांना आणि काकांना जे दार उघडले, ते लेकीला बंद झाले. फरक होता तो एवढाच, की ती मुलगी होती.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. गांधीजींच्या मार्गाने त्यांनी सत्याग्रह आरंभला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडू द्यायचे नाही. नियमित विद्यार्थिनी म्हणून न स्वीकारण्याची अट कमलाबाईंच्या जिव्हारी लागली, आणि उतारवयातही त्यांनी ती बोलून दाखवली.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या मात्र कडक पण उदार मनाचे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले. पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाशी निगडित द्रव्य असते, हे दाखवून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्या केंब्रिजमध्येही स्त्रियांना पदवीचे पूर्ण हक्क १९४८ पर्यंत नव्हते!

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, त्यांचा शोध त्यांनी विद्यार्थ्यांसह घेतला. वाल म्हणजे इथले आपल्या आवडीचे अवरेकाई. ते नीट शिजवूनच का खायचे, याचे शास्त्र इथे आहे. नीरेच्या पोषणमूल्यावरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही मुंबईच्या संस्थेचे संचालकपद मिळायला त्यांना काही वर्षे ताटकळावे लागले. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत अन्नभेसळीविरुद्ध काम केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

ही कहाणी जिद्दीची म्हणून आपण मुलींना सांगतो. सांगावीच. परंतु प्रत्येकीने सत्याग्रह केल्यावरच दार उघडावे काय? कमलाबाईंच्या मागे शिकलेले घर उभे होते. ज्यांच्या घरी कुणी पाटीही पाहिली नव्हती, त्यांचा अर्ज दारापर्यंत पोचलाच नाही, मग तो नामंजूर होणार कसा? केरळच्या अ‍ॅना मणी १९४० साली रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. भरपूर संशोधन करूनही केवळ एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना पीएच.डी. नाकारली गेली. पुढे त्यांनीच भारतात हवामानाची उपकरणे बनवण्याचा पाया घातला.

रामन मोठे शास्त्रज्ञ होते, यात शंका नाही. पण मोठ्या माणसाचा ग्रहही चुकीचा असू शकतो, आणि त्याची किंमत दाराबाहेर उभा असलेला माणूस मोजतो. आपल्यापैकी अनेकजण आज मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतात, निवड करतात, मार्गदर्शन करतात. समोरच्या मुलीला लग्नाबद्दल, किंवा समोरच्या मुलाला त्याच्या गावाबद्दल आणि इंग्रजीबद्दल आपण जे विचारतो, ते इतरांनाही विचारतो का, एवढे जरी तपासले तरी पुरे. कमलाबाईंना खरी आदरांजली तीच होईल.

गणपती बाप्पा मोरया!