लोखंडाचा थकवा शोधणारे ऑगस्ट वोलर

ऑगस्ट वोलर यांचा जन्म २२ जून १८१९ रोजी जर्मनीतील झोल्टाऊ या गावी झाला. त्या काळी जर्मनी हा आजच्यासारखा एक देश नव्हता. लहान-मोठी बरीच राज्ये होती. त्यांपैकी हानोवर नावाच्या राज्यात हे गाव होते. वोलर अभ्यासात फार हुशार होते. त्यांनी हानोवर शहरातील तंत्रशाळेत शिक्षण घेतले.

गुरुजींनी थोर शास्त्रज्ञांची माहिती लिहायला सांगितली तेव्हा वर्गातल्या पुष्कळ मुलांनी न्यूटन आणि एडिसन घेतले. वोलर हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही, पण जगातले सगळे इंजिनिअर त्यांना ओळखतात. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे. वोलर नावाचे आणखी एक जर्मन शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव फ्रेडरिक वोलर. ते रसायनशास्त्राचे. आपले वोलर रेल्वेचे. दोघांची गल्लत करू नये.

जर्मनीत पहिली आगगाडी १८३५ साली धावली. तेव्हा वोलर सोळा वर्षांचे होते. म्हणजे आगगाडी आणि ते बरोबरच मोठे झाले असे म्हटले तरी चालेल. शिक्षण संपल्यावर ते बर्लिन येथील बोर्झिग यांच्या कारखान्यात कामाला लागले. तिथे रेल्वेची इंजिने बनत. मग ते बेल्जियम देशात गेले आणि तिथे इंजिन चालवायला शिकले. एवढे शिकलेले इंजिनिअर, तरी स्वतः भट्टीपुढे उभे राहून इंजिन चालवायला शिकले, हे मला फार आवडले. पुढे १८४७ साली ते एका मोठ्या रेल्वेत इंजिने, डबे आणि कारखाना यांचे मुख्य झाले. ते गाव फ्रँकफुर्ट. पण जर्मनीत दोन फ्रँकफुर्ट आहेत. हे ओडर नदीच्या काठचे.

आता त्या काळात काय घडत होते ते सांगतो. रेल्वेच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड लोखंडी दांडा असतो त्याला आस म्हणतात. बैलगाडीला आपण आख म्हणतो, तेच. ही आस चांगली हाताच्या मनगटापेक्षा जाड असते. नवी असताना तिच्यावर कितीही वजन ठेवा, काही होत नाही. पण दोन-चार वर्षे गाडी धावली की एखाद्या दिवशी ती आस काडकन मोडायची. वजन तेवढेच, रस्ता तोच, आणि मोडायच्या आधी वाकणे नाही की काही नाही.

८ मे १८४२ रोजी फ्रान्स देशात मोठा अपघात झाला. तो रविवार होता. राजाचा उत्सव पाहून व्हर्सायहून लोक पॅरिसला परत चालले होते. गाडी माणसांनी गच्च भरलेली होती. वाटेत पुढच्या इंजिनाची आस मोडली. मागचे इंजिन आणि डबे त्याच्यावर आदळले. इंजिनाच्या भट्टीतल्या विस्तवाने लाकडी डब्यांना आग लागली. त्या वेळी गाडी सुटण्याआधी डब्यांची दारे बाहेरून कुलूप लावून बंद करीत असत. त्यामुळे आतल्या लोकांना बाहेरच पडता आले नाही. पन्नासच्या वर माणसे मेली. एक आस मोडल्यामुळे एवढे झाले.

लोक म्हणू लागले की हलून हलून आतले लोखंड बदलते, त्याचे दाणे होतात. कारण मोडलेल्या जागी ते दाणेदार दिसायचे. स्कॉटलंडचे रँकिन नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी १८४३ साली मोडलेल्या आसा नीट बघून सांगितले की लोखंड बदलत नाही. जिथे आस जाड असते आणि एकदम बारीक होते, त्या कोपऱ्यात एक बारीक चीर पडते आणि ती रोज थोडी थोडी आत जाते. पण किती वजनाला किती दिवसांनी आस मोडेल, हे कुणालाच सांगता येत नव्हते. ते काम वोलर यांनी केले.

हे समजायला एक प्रयोग करून बघा. बांधकामावरची बारीक तार घ्या. ती ओढून तुटते का? नाही तुटत. आता तीच तार एका जागी इकडे वाकवा, मग तिकडे वाकवा. परत इकडे, परत तिकडे. मी मोजले, चौदाव्या वेळी माझी तार तुटली. मोठ्या भावाने थोडी थोडीच वाकवली तर त्याची पुष्कळ जास्त वेळ टिकली. (तुटलेले टोक गरम लागते, लगेच हात लावू नका.)

रेल्वेच्या आसेचे असेच होते. डब्याचे वजन आसेच्या दोन्ही टोकांवर बसते, म्हणून ती किंचित वाकते. इतकी किंचित की डोळ्यांना दिसत नाही. वरची बाजू ताणली जाते आणि खालची बाजू दाबली जाते. चाकाचा अर्धा फेरा झाला की वरची बाजू खाली येते. मग जी ताणलेली होती ती दाबली जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला आस एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाकते, त्या तारेसारखी. मी भावाला घेऊन गणित केले. चाक एक मीटर रुंदीचे धरले तर १०० किलोमीटरला त्याचे सुमारे ३२ हजार फेरे होतात. रोज ३०० किलोमीटर धावणाऱ्या डब्याची आस ११ दिवसांत १० लाखांपेक्षा जास्त वेळा वाकते! माणूस असता तर पहिल्याच दिवशी थकला असता. लोखंडाच्या या होण्याला खरोखरच थकवा असेच म्हणतात. फरक एवढाच की माणसाचा थकवा रात्री झोपल्यावर जातो. लोखंडातली चीर कितीही दिवस गाडी उभी ठेवली तरी भरून येत नाही.

वोलर यांनी आधी काय केले, तर चालत्या गाडीत आस किती वाकते ते मोजले. त्या वेळी आजच्यासारखी विजेची यंत्रे नव्हती. त्यांनी स्वतः एक साधन बनवले. त्यात जस्ताचा पत्रा होता आणि एक टोकदार काटा होता. आस वाकली की काटा पत्र्यावर ओरखडा काढायचा. गाडी मुक्कामाला आली की ओरखड्याची लांबी मोजायची. बस्स, एवढेच! अशा रीतीने त्यांनी सुमारे २२ हजार किलोमीटरच्या प्रवासातली मोजणी केली. त्यांच्या सगळ्या कामात मला हा जस्ताचा पत्राच जास्त आवडला. कारण तो आपल्यालाही समजतो.

नंतर त्यांनी कारखान्यात यंत्रे तयार केली. यंत्रात आस बसवायची, टोकावर स्प्रिंगने जोर द्यायचा आणि गोल फिरवत ठेवायचे. किती फेऱ्यांनी मोडली ते लिहून ठेवायचे. मग जोर थोडा कमी करून दुसरी आस. मग आणखी कमी करून तिसरी. काही नमुने लाखो फेरे फिरले, काही कोटींच्या वर. त्या काळी यंत्रे आजच्याइतकी जोरात फिरत नसत. त्यामुळे एका नमुन्याला महिनेच्या महिने लागायचे. तेवढा वेळ वाट बघायची आणि फेरे मोजायचे. असे त्यांनी किती तरी वर्षे केले. १८५८ ते १८७० या काळात त्यांनी आपली माहिती एका जर्मन नियतकालिकात छापली.

आपल्याकडे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. तिला १४ डबे आणि ३ इंजिने होती. त्या दिवशी वोलर ३३ वर्षांचे होते आणि मोडलेल्या आसांच्याच विचारात होते.

त्यांना काय सापडले? एक, जोर जितका कमी तितके फेरे जास्त. हे कुणालाही वाटेल. पण दुसरी गोष्ट नवी होती. लोखंड व पोलाद यांच्या बाबतीत जोर एका ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला तर आस मोडतच नाही, कितीही फिरवा. म्हणजे आस किती जाड करायची हे आता अंदाजाने नाही, हिशोबाने ठरवता येऊ लागले. तिसरी गोष्ट कोपऱ्याची. जाडी एकदम बदलून टोकदार कोपरा ठेवला तर आस लवकर मोडते. तोच कोपरा गोलाईने उतरवला तर पुष्कळ टिकते. लोखंड तेच, वजन तेच, फक्त कोपरा गोल केला.

१८६७ साली पॅरिसला जगातले मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे वोलर यांनी केलेल्या प्रयोगांची माहिती मांडली होती. त्यांनी नुसते आकड्यांचे तक्ते दिले होते. पुढे दुसऱ्या लोकांनी त्या आकड्यांवरून आलेख काढला. तो आलेख आजही वोलर यांच्याच नावाने ओळखला जातो आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवतात. नंतर वोलर स्ट्रासबुर्ग येथील रेल्वेत मोठे अधिकारी झाले. लोखंड व पोलाद तपासून त्याच्या प्रती ठरवाव्यात, म्हणजे वाईट माल रेल्वेत येणार नाही, असा त्यांचा आग्रह असे. १८८९ साली ते निवृत्त झाले.

त्यांच्या शोधाकडे नीट लक्ष दिले नाही तर काय होते ते पुढे विमानांनी दाखवले. १९५४ साली इंग्लंडची कॉमेट नावाची दोन नवी जेट विमाने तीन महिन्यांच्या आत समुद्रात पडली. आतले सगळे लोक गेले. मग तसलेच एक विमान पाण्याच्या मोठ्या हौदात ठेवून त्याच्यात पुन्हा पुन्हा दाब भरला व सोडला. शेवटी विमानाचा पत्रा फाटला. चीर सुरू झाली होती ती खिडकीसारख्या भोकाच्या कोपऱ्यापाशी. पुन्हा कोपराच!

आपल्या सोयगावला रेल्वे नाही. शेंदुर्णीला पाचोरा-जामनेर ही लहान गाडी होती, ती २०२० साली बंद झाली. पाचोऱ्याला मात्र मोठ्या गाड्या दिसतात. रेल्वेच्या कारखान्यात आसेच्या एका टोकातून कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतात. आत चीर असेल तर आवाज तिथूनच मागे फिरतो आणि यंत्रावर दिसतो. मग ती आस काढून टाकतात. ज्या पालकांकडे ट्रॅक्टरची ट्रॉली आहे त्यांच्याकडे असे यंत्र नसते. पण आसेवरचा चिखल धुऊन, जिथे जाडी बदलते त्या कोपऱ्यात बघता येते. तिथे केसासारखी काळी रेघ दिसली तर तिच्यावर कापसाची गाडी भरू नये, मिस्त्रीला दाखवावी.

ऑगस्ट वोलर २१ मार्च १९१४ रोजी हानोवर येथे वारले. तेव्हा ते ९४ वर्षांचे होते.