केटरिंगचे पेरी सर

आपल्या शिक्षकांवर या स्मरणिकेत भरपूर लेख येणार आणि ते यायलाच हवेत. मी मात्र अशा एका सरांबद्दल लिहिणार आहे, ज्यांच्या वर्गात आपल्यापैकी कोणीच बसलेलं नाही. जेफ्री पेरी हे त्यांचं नाव. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये ते भौतिकशास्त्र शिकवायचे. उपग्रहांचे संदेश ऐकणाऱ्या रेडिओच्या हौशी मंडळींत त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. सोव्हिएत रशियाने लपवून ठेवलेला एक अख्खा अवकाशतळ या शाळामास्तरांनी शोधून काढला. तोही कुठे न जाता, शाळेतल्या रेडिओवर.

पेरी यांचा जन्म १९२७ चा. केटरिंग हे बूट-चपलांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं मध्य इंग्लंडमधलं गाव. तिथे ना वेधशाळा, ना विद्यापीठ. पण पेरींचे शाळेतले सहकारी डेरेक स्लेटर यांना रेडिओचं वेड होतं. स्लेटर शिकवायचे रसायनशास्त्र. रेडिओ त्यांचा, गणितं पेरींची, अशी ही जोडी. या गोष्टीत स्लेटरांचं नाव नेहमी मागे पडतं, म्हणून मी ते सुरुवातीलाच ठळकपणे लिहून ठेवते.

१९५७ च्या ऑक्टोबरात पहिला स्पुटनिक उडाला, तेव्हा त्याचं बीप-बीप २०.००५ मेगाहर्ट्झवर येत होतं. म्हणजे शॉर्टवेव्हवर. त्यासाठी मोठी तबकडी लागत नव्हती. बऱ्यापैकी रिसीव्हर आणि गच्चीवर किंवा मैदानावर ताणलेली तार एवढं पुरत होतं. पुढची कित्येक वर्षं रशियाचे बरेच उपग्रह याच २० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत राहिले आणि केटरिंगच्या शाळेला हेच फळलं.

आता थोडं भौतिकशास्त्र. कॉमर्सवाल्यांनी घाबरू नये. फलाटावर उभं असताना शिट्टी वाजवत एक्स्प्रेस धडधडत निघून जाते, तेव्हा येताना शिट्टी चढी लागते आणि गेल्यावर एकदम उतरते. हा डॉप्लर परिणाम. उपग्रह तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास धावतो. त्यामुळे त्याच्या २० मेगाहर्ट्झच्या संदेशाची कंप्रता येताना सुमारे ५०० हर्ट्झने वाढलेली असते आणि जाताना तितकीच घटते. रिसीव्हरमधून हा फरक सरळ कानाला ऐकू येतो. सूर ज्या क्षणी सर्वांत झपाट्याने उतरतो, त्या क्षणी उपग्रह आपल्याला सर्वांत जवळ असतो. हातात घड्याळ असलं की ती वेळ टिपता येते. दीड तासाने तो पुन्हा येतो. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरलेली असते, म्हणून त्याची वाट सुमारे २२ अंश पश्चिमेला सरकलेली असते. अशा काही वेळा जमल्या की कक्षा कागदावर उतरू लागते.

पेरींना यातून हवा होता तो मुलांना शिकवण्यासाठी एक जिवंत प्रयोग. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त हेच आवडतं. मे १९६० मध्ये रशियाने सोडलेल्या चौथ्या स्पुटनिकपासून शाळेत हे ऐकणं आणि नोंदी ठेवणं नेमाने सुरू झालं. मुलंही त्यात सामील झाली. पुस्तकात डॉप्लर दोन परिच्छेदांत संपतो. इथे तो डोक्यावरून दिवसात कितीतरी वेळा जात होता आणि प्रत्येक वेळी खरा आकडा देऊन जात होता.

१९६२ पासून रशियाने कॉसमॉस नावाची मालिका सुरू केली. हवामान, विज्ञान, हेरगिरी, सगळ्यांना तेच एक नाव आणि पुढे क्रमांक. सरकारी वृत्तसंस्था तास कक्षेचे आकडे जाहीर करायची, काम मात्र सांगायची नाही. यांतले बरेचसे उपग्रह प्रत्यक्षात फोटो काढणारे होते. आठेक दिवस फिरून ते फिल्मसकट जमिनीवर परतायचे. केटरिंगला त्यांचे संदेश सवयीचे झाले. कोणता कधी उडाला, किती दिवस टिकला, कधी गप्प झाला, हे सगळं वहीत जमा होत गेलं. माझ्या धंद्यात याला लॉग म्हणतात. सगळं सुरळीत चालू असताना लॉग वाचण्याइतकं कंटाळवाणं काम नाही. पण तो वाचलेला असला, तरच बिघाडाच्या दिवशी वेगळी ओळ डोळ्यांत भरते.

केटरिंगला ती वेगळी ओळ १७ मार्च १९६६ ला दिसली. त्या दिवशी कॉसमॉस-११२ उडाला. विषुववृत्ताशी उपग्रहाची वाट किती अंशांनी तिरकी आहे, त्याला कक्षेचा कल म्हणतात. या जातीच्या उपग्रहांचा कल तोपर्यंत ५२ किंवा ६५ अंशांच्या आसपास असायचा. याचा निघाला ७२. त्याची वाट मागे नेली, तर ती कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून जाईना. मग हा उडाला कुठून?

एका रेषेवरून जागा ठरत नाही. रॉकेट या रेषेवर कुठूनतरी सुटलं, एवढंच कळतं. त्या वर्षी त्याच कलाचे आणखी उपग्रह गेले, पण रेषा तीच राहिली. पेरी थांबले. माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत कठीण भाग हाच आहे. मार्च ते ऑक्टोबर, हाताशी निम्मं उत्तर असताना त्यांनी घाई केली नाही. ऑक्टोबरात कॉसमॉस-१२९ उडाला. त्याचा कल ६५ अंश होता, पण तोही बायकोनूरशी जुळेना. आता दुसरी रेषा मिळाली होती. आठवीच्या भूमितीतल्यासारख्या दोन रेषा एका बिंदूत छेदल्या. तो बिंदू पडला उत्तर रशियातल्या जंगलात, अर्खांगेल्स्कच्या दक्षिणेला, प्लेसेत्स्क नावाच्या लहानशा गावाजवळ. नोव्हेंबर १९६६ मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि केटरिंगची शाळा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली.

अमेरिकी हेरखात्याला या जागेची माहिती आधीपासून होती. १ मे १९६० ला गॅरी पॉवर्सचं यू-२ विमान रशियाने पाडलं, त्या उड्डाणाच्या आखलेल्या मार्गावर प्लेसेत्स्कही होतं. तिथे क्षेपणास्त्रांचा तळ उभारला जात होता. पण अमेरिकेनेही ते गुपितच ठेवलं. म्हणजे दोन्ही सरकारांना ठाऊक आणि दोन्हीकडच्या जनतेला पत्ता नाही. ते उघड्यावर आणलं एका शाळेने, आणि तेही कुणाचं कुलूप न फोडता. आकाशातून येणारा आवाज सर्वांचाच होता. त्यांनी तो फक्त नीट मोजला.

सोव्हिएत सरकारने प्लेसेत्स्कचं अस्तित्व मान्य केलं १९८३ मध्ये, म्हणजे पेरींनंतर सतरा वर्षांनी. तोवर तो जगातला सर्वांत गजबजलेला अवकाशतळ झाला होता. या लपवाछपवीची किंमत कोणी दिली तेही सांगायला हवं. १८ मार्च १९८० ला तिथे इंधन भरताना रॉकेटचा स्फोट झाला आणि ४८ माणसं गेली. ही बातमी त्यांच्या देशवासीयांना १९८९ पर्यंत कळू दिली नव्हती. पेरींच्या शोधाकडे मजेशीर किस्सा म्हणून पाहिलं जातं, तेव्हा मला ही ४८ माणसं आठवतात. नकाशावर जी जागाच नाही, तिथे मेलेल्यांचा हिशेब कोण मागणार?

या शोधानंतरही पेरी शाळेतच राहिले, वर्गावर जात राहिले. ऐकणाऱ्यांची संख्या वाढत गेली. शिक्षक, विद्यार्थी आणि इतर देशांतले हौशी लोक मिळून त्याला केटरिंग ग्रुप हे नाव पडलं. स्वीडनमधला स्वेन ग्रान हा त्यातला नामवंत. हे सगळं पदरमोड करून, फावल्या वेळात चालायचं. परतणाऱ्या कुप्यांच्या बिनतारी खुणांमधली मोर्सची अक्षरं ऐकून हे लोक उपग्रहाचा प्रकार ओळखू लागले. ब्रिटनच्या आयटीएन टीव्हीला अवकाशाची बातमी समजून घ्यायची असली, की ते पेरींना विचारत. १९७३ मध्ये त्यांना एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. निवृत्तीनंतर ते कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ब्यूड गावी राहायला गेले. जानेवारी २००० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची शाळा आता त्या नावाने उरलेली नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं याची चर्चा अजून चालू आहे आणि आणखी एका प्रोजेक्टरकडे बहुतेकांचा कल दिसतो. माझी सूचना प्रयोगशाळेसाठी एक रेडिओ रिसीव्हर देण्याची आहे. लॅपटॉपला जोडायचे छोटे रिसीव्हर आता काही हजारांत मिळतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हौशी रेडिओ केंद्र आहे. अंतराळवीर त्यावरून जगभरच्या शाळांशी बोलतात, आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्यांचा आवाज आपल्या गच्चीवर साध्या अँटेनानेही पकडता येतो. १४५ मेगाहर्ट्झला डॉप्लरचा सरक साडेतीन हजार हर्ट्झच्या घरात जातो, म्हणजे मुलांना तो पडद्यावर स्पष्ट दिसेल. अँटेना बांधायला आणि पहिले दोन-तीन शनिवार मुलांसोबत बसायला मी येईन. विज्ञानाच्या बाईंशी बोलणं झालं आहे. त्यांना फक्त गच्चीची किल्ली शिपाईकाकांकडून मिळवायची आहे.