साडेचार इंची चाकं

पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी एक वाक्य घोकलं आणि मार्क मिळवले : घर्षण हे संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. तसं असेल तर गाडीला रुंद चाकं लावायची कशाला? हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये शंभर सीसीच्या बाइकला मागे भलामोठा टायर चढवून फिरणारे काही महाभाग आहेत, त्यांना मी हे विचारून पाहिलं. भारी दिसतं, यापलीकडे कुणी गेलं नाही. मग मीच लायब्ररीत शोधत बसलो, आणि टायरवरून सुरू केलेलं वाचन एका माणसापाशी येऊन थांबलं. अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन. लोटस गाड्यांचा जन्मदाता. पुढचे दोन सबमिशन त्यामुळे लेट झाले, पण ते असो.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील हॉर्न्सीला रेल्वे हॉटेल नावाचं हॉटेल चालवायचे. पोराने युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला प्रवेश घेतला तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला. मेकॅनिकलला नव्हे! आपल्या सिव्हिलच्या मित्रांनी कॉलर टाइट करायला हरकत नाही. कॉलेजच्या हवाई पथकात तो विमान चालवायला शिकला आणि बाकी वेळात जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदा केला. धंदा छान चालला होता, पण १९४७ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने खाजगी गाड्यांचं पेट्रोलचं रेशनच बंद केलं. पेट्रोलच नाही म्हटल्यावर गाडी कोण घेणार? मिळेल त्या भावात माल फुंकावा लागला. हातात उरली एक जुनी ऑस्टिन सेव्हन. त्यातच शेवटच्या वर्षी गणिताचा पेपर गेला, म्हणजे आपल्या भाषेत केटी लागली. डिग्री एक वर्ष उशिरा, १९४९ ला मिळाली.

त्या उरलेल्या ऑस्टिनची त्याने १९४८ मध्ये पार मोडतोड केली आणि आपल्या डोक्याप्रमाणे नवीन गाडी बांधली. वर्कशॉप म्हणजे हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या घरामागचं गॅरेज. बॉडीला ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेलं प्लायवूड वापरलं. ही कल्पना विमानांकडून आली होती : वरचं कवच नुसतं झाकण म्हणून ठेवायचं नाही, त्यालाही भार वाहायला लावायचा. ही पहिली लोटस. हे नाव का ठेवलं, हे त्याने शेवटपर्यंत कुणाला नीट सांगितलं नाही. पुढे १ जानेवारी १९५२ ला कंपनी सुरू झाली तेव्हा भांडवलाला हेझलने पंचवीस पौंड उसने दिले. वडिलांच्या हॉटेलमागचा जुना तबेला हा पहिला कारखाना. १९५४ मध्ये दोघांचं लग्न झालं.

आता चाकांकडे येतो, कारण चॅपमन हा माणूस मला त्याच्या चाकांमधूनच कळला.

१९६२ मध्ये लोटसने एलान ही दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. मधोमध पत्रा वाकवून केलेला पाठीच्या कण्यासारखा पोलादी चासी, त्यावर फायबरग्लासची बॉडी, दीड लिटरच्या आसपासचं डबल कॅमशाफ्टचं इंजिन. ताकद १०५ हॉर्सपॉवर आणि वजन सगळं मिळून साधारण ६८० किलो. आपल्याकडची जुनी मारुती ८०० आठवा, साधारण त्याच वजनाची. आणि या ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वर जाणाऱ्या गाडीची चाकं किती रुंद असावीत? साडेचार इंच! तेरा इंची रिमवर सडपातळ टायर. फोटो बघितला तर वाटतं, कुणीतरी चुकून दुसऱ्याच गाडीची चाकं लावली. तरीही त्या काळात वळणावर एलानच्या मागे राहणं मोठमोठ्या गाड्यांना जड जायचं.

याचं उत्तर वजनात आहे. थोडा हिशोब करू. ६८० भागिले चार म्हणजे एका चाकावर १७० किलो. टायरमध्ये हवा समजा दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो. म्हणजे रस्त्याला टेकलेला तुकडा साधारण ११३ चौरस सेंटिमीटरचा. आपलं पोस्टकार्ड याच्यापेक्षा थोडं मोठं असतं. आता टायर रुंद करा आणि हवा तेवढीच ठेवा. तुकड्याचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, बदलतो तो आकार. लांबट होता, तो आखूड आणि रुंद होतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा स्वतःच विश्वास बसला नव्हता.

मग रुंद टायरला पकड जास्त का? कारण पुस्तकातला नियम लाकडाच्या ठोकळ्याला चालतो, रबराला नाही. रबरावर दाब जितका जास्त, तितका त्याचा घर्षणाचा गुणांक घसरत जातो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, दाब पसरतो, गुणांक वर राहतो. शिवाय आखूड-रुंद तुकडा वळणावर कमी पिळवटतो आणि कमी तापतो. म्हणजे भारी गाडीला आणि जास्त ताकदीला रुंद टायरचा फायदा खराच. पण गाडी जर मुळातच हलकी असेल तर रबरावर दाब कमीच असतो. तिथे फार रुंद टायर नीट तापतही नाही आणि पावसात पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. चॅपमनने टायर रुंद करून जे मिळवायचं ते वजन काढून मिळवलं होतं.

तरीसुद्धा एलानवाले रुंद चाकं लावत आले. साठच्या दशकात लावली, आणि आजही जुनी एलान सांभाळणारे हौशी साडेपाच-सहा इंचांची चाकं लावू का म्हणून विचारत असतात. आतल्या बाजूला जागा बेताची. म्हणून जास्तीची रुंदी बाहेर सरकते आणि ऑफसेट बदलतो. चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्यापासून टायरचा मध्य लांब गेला की प्रत्येक खड्डा स्टिअरिंगमधून हातात येतो. एलानचं सगळ्यात नावाजलेलं जे काही होतं ते हे स्टिअरिंगच, आणि बिघडतं तेही पहिल्यांदा हेच. चाकाचं वजन वाढलं की सस्पेन्शनला ते वर-खाली आवरणं कठीण. बॉडीची कमान घासते ती वेगळीच.

पण खरी गोम पुढे आहे. पकड वाढली म्हणजे ते बळ कुठेतरी जाणार ना? वळणावर बाहेरच्या चाकावर समजा ३०० किलोचा भार आहे. सडपातळ टायर त्यातून आडवं बळ २४० किलोचं काढत होता, रुंद टायर ३०० चं काढू लागला. जास्तीचे ६० किलो हबच्या मध्यापासून २८ सेंटिमीटर खाली लागतात. म्हणजे स्टब ॲक्सलवर आणि बेअरिंगवर साधारण १६५ न्यूटन मीटरचा जादा वाक, प्रत्येक वळणाला. पुढच्या चाकाचा उभा दुवा ट्रायम्फच्या छोट्या गाड्यांकडून घेतलेला. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये रबराचे जोड. हे सगळं साडेचार इंची टायर जेवढं बळ देईल, तेवढंच झेलण्यासाठी बसवलेलं. इतर कंपन्यांच्या गाडीत असा जादा भार खपून जातो कारण डिझाइन करणाऱ्याने सगळीकडे हात सैल सोडलेला असतो. चॅपमनने कुठेच सोडला नव्हता. त्यामुळे त्याच्या गाडीचं चाक बदलणं म्हणजे नट काढून नट लावणं नाही, ते त्याचं सगळं गणित नव्याने मांडणं आहे.

हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. १९६४ मध्ये कारखान्याने एलानची रेसिंग आवृत्ती काढली, २६ आर नावाची. तिला रुंद चाकं होती, पण त्यासोबत कमानी फुगवल्या, सस्पेन्शन मजबूत केलं, आणि रबरी जोडांच्या जागी सरकणाऱ्या स्प्लाइनचे शाफ्ट घातले. १९६७ ला चार सीटची प्लस टू आली तेव्हाही टायर रुंद झाले, पण गाडीच मुळात रुंद केली होती.

आता मला जे सांगताना जड जातं ते. इतकं काठावरचं डिझाइन करणारा माणूस काठ चुकला की काय होतं? १९६० च्या बेल्जियन ग्रां प्रीच्या सरावात, स्पाच्या वेगवान वळणावर, स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं. हबच तुटला होता. मॉसचे दोन्ही पाय मोडले, पाठीलाही मार बसला. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं. तो वाचला, पण त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्याने लोटसवर दावा लावला आणि जिंकला. आपल्याला व्हायवाला फॅक्टर ऑफ सेफ्टी विचारतात तेव्हा आपण दोन-तीन काहीतरी ठोकून देतो. चॅपमनच्या बाबतीत त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला असायचा.

आणि तरी हाच माणूस एकामागून एक अशा गोष्टी करत गेला की बाकीच्यांनी नुसतं बघत राहावं. १९६२ ची लोटस २५ : नळ्यांचा सांगाडा काढून टाकला, विमानासारखं कवचच चासी केलं. त्याच गाडीत १९६३ ला जिम क्लार्क जगज्जेता झाला, आणि १९६५ ला लोटसवरच पुन्हा. त्याच १९६५ मध्ये क्लार्कने लोटस घेऊन अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यतही मारली. १९६७ ची लोटस ४९ : इंजिनच चासीचा भाग, मागची चाकं थेट इंजिनच्या आधाराने धरलेली. गाडी जिंकून आली की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकवायचा. हा त्याचा ठरलेला रिवाज.

क्लार्क त्याचा जिवलग होता. ७ एप्रिल १९६८ ला होकेनहाइमच्या फॉर्म्युला टू शर्यतीत क्लार्कची लोटस सरळ रस्त्यावरून झाडांत गेली. मागच्या टायरमधली हवा हळूहळू गेली असावी, हे सगळ्यात जास्त मानलं गेलेलं कारण. चॅपमन यातून कधी पुरता सावरला नाही असं त्याच्या जवळचे सांगत.

तोवर फॉर्म्युला वनचे मागचे टायर पिंपासारखे झाले होते. टायर आणि रिम जड, म्हणजे चाक जड. चॅपमनला हे सहन होणारं नव्हतं. १९७० च्या लोटस ७२ मध्ये त्याने पुढचे ब्रेक चाकातून काढून गाडीच्या आत नेले आणि चाकाशी एका पोकळ शाफ्टने जोडले. चाक हलकं झालं, काम फत्ते. ५ सप्टेंबर १९७० ला मॉन्झाच्या सरावात ब्रेक लावताना योखेन रिंट याच्या गाडीचा उजवा ब्रेक शाफ्ट तुटला. रिंट गेला. गाड्या फार नाजूक आहेत, थोडं वजन वाढव पण मजबूत कर, असं त्याने आदल्या वर्षीच चॅपमनला लिहून कळवलं होतं. त्या मोसमाचं जगज्जेतेपद रिंटला मरणोत्तर मिळालं. इटलीत खटला बरीच वर्षं चालला, आणि शेवटी चॅपमन सुटला.

मी त्याला माफ करतो का? मला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे की नाही तेच ठाऊक नाही. पण ७२ चा ड्रॉइंग बघताना माझी नजर आता आधी त्या शाफ्टवर जाते.

सत्तरच्या दशकात त्याने पकडीचा प्रश्न उलटा सोडवला. टायर किती रुंद करणार? वजन वाढवायचं नाही पण टायरवरचा दाब वाढवायचा, तर हवेला कामाला लावा. लोटस ७८ आणि ७९ च्या दोन्ही बाजूंचे कप्पे म्हणजे उलटे केलेले विमानाचे पंख. कडेला जमिनीला टेकणारे पडदे. खालून वेगाने जाणारी हवा गाडीला जमिनीकडे ओढून धरते. १९७८ ला मारिओ आंद्रेत्ती याच गाडीवर जगज्जेता झाला. त्याच मोसमात मॉन्झाच्या अपघातानंतर त्याचा सहकारी रॉनी पीटरसन दगावला. चॅपमनच्या यशाच्या यादीत अशी सलग चांगली ओळ क्वचितच सापडते.

शेवटची वर्षं काळी आहेत. डीलोरियन कंपनीच्या गाडीचं इंजिनिअरिंग लोटसने केलं आणि त्या व्यवहारातले कोट्यवधी डॉलर पनामातल्या एका कागदी कंपनीमार्गे गायब झाले. लोटसचा हिशोबनीस फ्रेड बुशेल याला १९९२ मध्ये शिक्षा झाली. चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षं दिली असती, अशा अर्थाचं त्या न्यायाधीशांनी नोंदवलं.

पण चॅपमन १६ डिसेंबर १९८२ लाच गेला होता, नॉर्फोकच्या घरी, हृदयविकाराने. वय ५४. त्याच दिवशी तिथून फार दूर नसलेल्या स्नेटर्टनच्या ट्रॅकवर त्याची टीम एक नवीन गाडी चालवून पाहत होती. तिच्या चारही चाकांचं वर-खाली होणं कॉम्प्युटर सांभाळणार होता.