पंडिता रमाबाई आणि पहाटेचा धडा

हिवाळा आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक गोष्ट दरवर्षी दृष्टीस पडते. हिंगोलीहून वाशिमाकडे जाणाऱ्या वाटेवरील कनेरगाव नाका असो की आसपासचे दुसरे एखादे गाव असो, थंडीच्या दिवसांत कापसाची वेचणी व तुरीची सोंगणी अंगावर येऊन पडते, पहाटे घोंगडीबाहेर पाय काढवत नाही, आणि बारातेरा वर्षांची झालेली मुले कामास हाताशी येतात. मग त्यांस घरी बसवून शिकविण्याचा जो नेम आईबापांनी दसऱ्यास आरंभिलेला असतो, तो पौष महिन्यापर्यंत टिकत नाही. अशा वेळी मन खचलेल्या आईबापांनी व उपदेशकांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा एकदा आठवावे. कारण त्या बाईंची सर्व विद्या प्रथम घरातच झाली, शाळेत नव्हे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित होते. तरुणपणी पुण्यास विद्याभ्यास करीत असता त्यांचे गुरु पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवीत असल्याचे त्यांनी पाहिले, आणि स्त्रीसही ही विद्या देता येते ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले. त्या काळी हे लोकांस रुचले नाही. पुष्कळ विरोध झाला, तरी शास्त्रीबोवांनी आपला हट्ट सोडला नाही. सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे त्यांनी बिऱ्हाड केले, व तेथेच इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यात रमाबाईंचा जन्म झाला. लवकरच कर्जापायी ते घर सुटले, आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत पायी फिरू लागले.

वडील आता वृद्ध झाले होते. म्हणून धाकट्या मुलीस शिकविण्याचे काम आईवर आले. लक्ष्मीबाईंस दिवसा उसंत कोठली? स्वयंपाक, पाणी, आल्यागेल्याची सोय, मुलांचे दुखणेखुपणे ह्यांतच दिवस मावळे. तेव्हा त्या माउलीने दिवसाच्या कामांस हात न लावता एक घटका त्यांच्या अलीकडची काढली. पाखरांची किलबिल सुरू होण्यापूर्वी ती लेकीस मायेने जागी करी, जवळ घेई, आणि श्लोक म्हणून दाखवी. लेक तो घोकी. रमाबाई आठ वर्षांच्या होत्या तेव्हापासून पंधरा वर्षांच्या होईपर्यंत आईजवळ हा पाठ चालला. पुस्तके थोडी, जागा रोज निराळी, आज धर्मशाळा तर उद्या झाडाखाली. परंतु हजारो श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. मुलगी मोठी झाली, आता पुरे, असे आईने म्हटले नाही. उलट, समज आलेल्या वयातच ह्या शिक्षणाचा बहुतेक भाग झाला, ही गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे.

मग दुष्काळ आला. इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नान्न करीत वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि काही काळाने थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. येथे एक कटु सत्य सांगितले पाहिजे. आईबापांनी मुलांस विद्या दिली होती, परंतु पोट भरण्याचा कसलाही धंदा शिकविला नव्हता. अंगमेहनतीचे काम करणे हे कुळास कमीपणाचे वाटे. म्हणून एवढे शिकलेले कुटुंब उपासमारीत असहाय ठरले. रमाबाई ही उणीव जन्मभर विसरल्या नाहीत.

उरलेली बहीणभावंडे, रमाबाई व श्रीनिवास, पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने त्यांस गाठले. अंगावर ऊबदार वस्त्र नव्हते. तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे करून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून त्यांनी हिवापासून जीव वाचविला. जवळ धन नव्हते, घर नव्हते. आईने दिलेले पाठांतर तेवढे होते. इ. स. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. हे पाहण्यास लक्ष्मीबाई जगात नव्हती.

पुढील हकीकत आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. भाऊ वारला, विवाहानंतर दोन वर्षेही पुरी होण्याच्या आत पतीही वारले, कडेवर मनोरमा नावाची लहान मुलगी राहिली. इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इ. स. १८८९ मध्ये मुंबईस त्यांनी शारदा सदन उघडले, व पुढे केडगाव येथे मुक्ति मिशन उभे केले. इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व बाया आणल्या. आपण भोगलेली उणीव ह्या मुलींस भोगावी लागू नये, म्हणून केडगावी अक्षरांबरोबर विणकाम, शेती, तेलाचा घाणा, शिवण व छापखान्याचे काम शिकविले जाई. ज्या विद्येला हाताची जोड नाही ती दुष्काळात निरुपयोगी ठरते, हे त्यांनी स्वतः अनुभविले होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि खेड्यातील साध्या बायकांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. इ. स. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. तरी काम थांबले नाही. ता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, तोवर भाषांतर संपले होते, इ. स. १९२४ मध्ये तो ग्रंथ छापून पुरा झाला. पन्नाशीच्या आसपासही नवी भाषा घोकण्याचे ते बळ पहाटेच्या त्या पाठाने दिले, असे मानण्यास काय हरकत आहे?

बंधुभगिनींनो, लक्ष्मीबाईला उत्साह रोज वाटत असेल असे नाही. तिला फळ दिसले नाही, कोणी शाबासकी दिली नाही. तिने उत्साहाची वाट पाहिली नाही; एक घटका ठरविली व ती राखली. आपणही इतकेच करावे. वेचणीच्या दिवसांत दोन तास मिळणार नाहीत. चूल पेटण्यापूर्वी अर्धा तास मिळेल. मोठ्या मुलास एकट्यास पुस्तकापुढे बसवू नये. आईने किंवा बापाने जवळ बसावे, मग स्वतःस वाचता येत नसले तरी त्याच्याकडून ऐकून घ्यावे. शेतातील काम हे शिक्षणाचे वैरी समजू नये; कापसाचे वजन व मजुरीचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घ्यावा, म्हणजे विद्या व हात ह्यांची जोड पडेल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी रागे न भरता पुन्हा आरंभ करावा.

शेकोटीजवळ बसून आज आपण जो धडा घेतो तो कोठवर जाईल हे आपणांस दिसत नाही. पेरणाऱ्याने पेरावे, वाढविणारा देव आहे.