रुडोल्फ फिरखो : गुठळीच्या उगमाचा शोध

विद्यार्थिदशेत पाठ केलेली नावे पुढे आयुष्यभर जिभेवर राहतात. परंतु त्या नावांमागची माणसे बहुधा आपल्याला कधीच भेटत नाहीत. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘फिरखोंची त्रयी’ ठाऊक असते. रक्तवाहिनीत गुठळी का होते, या प्रश्नाचे तीन कलमी उत्तर म्हणून तो ती परीक्षेत लिहितो : प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भित्तीत बिघाड होणे आणि रक्ताच्या घटनेत फरक पडणे. उत्तराला गुण मिळतात आणि विषय संपतो. वस्तुतः रुडोल्फ फिरखो या जर्मन विकृतिवैज्ञानिकाचे खरे देणे या तीन कलमांपेक्षा मोठे आहे. रोग जिथे दिसतो तिथेच न थांबता तो जिथून आला तिथपर्यंत मागे जाण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. ही शिस्त त्यांनी शवविच्छेदनाच्या मेजावर पाळली, उपासमारीने गांजलेल्या प्रांतात पाळली आणि नगरपालिकेच्या सभागृहातही पाळली. जिथे ती सुटली तिथे ते चुकले.

फिरखोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरानिया प्रांतात, शिफेलबाइन या लहानशा गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. घरची परिस्थिती बेताची; वैद्यकाचे शिक्षण झाले ते सैन्यासाठी डॉक्टर तयार करणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत, सरकारी खर्चाने. १८४३ मध्ये पदवी घेऊन ते शारिटे रुग्णालयात दाखल झाले. हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला त्याला त्या वेळी दोन शतके उलटून गेली होती. तरीही रोगाचे मूळ शरीरातील द्रवांच्या बिघाडात शोधण्याची जुनी परंपरा युरोपात संपलेली नव्हती. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांच्यासारखा थोर विकृतिवैज्ञानिकही रोगाचा उगम रक्ताच्या दूषित मिश्रणात पाहत होता. पॅरिसमध्ये क्रूव्हेल्ये यांनी शिरांचा दाह हाच साऱ्या विकृतींचा राजा ठरवला होता. हे मत तपासून पाहण्याचे काम वरिष्ठांनी या पंचविशीच्या आतल्या तरुणावर सोपवले.

फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी अडकून रोगी अकस्मात दगावतो, हे शवविच्छेदनात वारंवार दिसत असे. गुठळी फुप्फुसात दिसते, म्हणजे ती तिथेच तयार झाली असणार, असा सर्वसाधारण समज होता. फिरखोंनी वेगळा प्रश्न विचारला : ती इथे आली कोठून? पायाच्या शिरेतून निघालेले रक्त हृदयाकडे जाताना अधिकाधिक रुंद वाहिन्यांतून जाते, हृदयाच्या उजव्या भागातून बाहेर पडते आणि मगच त्याला फुप्फुसातील पुन्हा निमुळत्या होत जाणाऱ्या वाहिन्या लागतात. तेव्हा पायात तयार झालेल्या गुठळीचा तुकडा सुटला, तर त्याला अडकायला पहिली जागा मिळते ती फुप्फुसातच. मृतदेहांतून त्यांनी या मार्गाचा माग काढला. तेवढ्यावर न थांबता कुत्र्यांच्या मानेतील शिरेत रबराचे तुकडे आणि गोठलेल्या रक्ताचे गोळे घालून, ते नेमके फुप्फुसात जाऊन बसतात हे त्यांनी दाखवून दिले. जागच्या जागी गुठळी होण्याला त्यांनी थ्रॉम्बोसिस, म्हणजे अंतर्क्लथन, आणि गुठळी वाहत जाऊन दूर अडकण्याला एम्बोलिझम, म्हणजे अंतर्कीलन, अशी दोन वेगळी नावे दिली. नावांतला हा भेद विचारातला भेद होता. मृत्यूची जागा आणि मृत्यूच्या कारणाची जागा एकच असते असे नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

१८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात प्रवाह, भित्ती आणि रक्त यांचा हा विचार विस्ताराने आला आहे. तीन कलमांची त्रयी मात्र त्यांनी स्वतः बांधलेली नाही. ते नाव त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. १८४५ मध्ये एका रोग्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींची अतोनात वाढ त्यांना दिसली. त्याच वर्षी एडिंबरोच्या बेनेट यांनी अशाच स्थितीचा अर्थ रक्तात झालेला पू असा लावला होता. फिरखोंनी मात्र हा पू नसून रक्तपेशींचाच विकार आहे असे ओळखले आणि पुढे त्याला ल्युकेमिया हे नाव दिले. पेशी ही पेशीपासूनच जन्मते आणि रोग म्हणजे पेशींच्या जीवनातील बिघाड होय, हा त्यांचा सिद्धांत १८५८ च्या व्याख्यानसंग्रहाने जगभर पोचला. त्यांचे शिष्य कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या जिवंत ऊतकात पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भित्तीला चिकटून तिच्यातून बाहेर पडताना पाहिल्या. इटलीच्या बित्सोत्सेरो यांनी १८८२ मध्ये, इजा झालेल्या भित्तीवर प्रथम जमतात त्या बिंबिका, म्हणजे आपण नेहमीच्या बोलण्यात ज्यांना प्लेटलेट म्हणतो त्या, हे दाखवले. निर्जीव नळातून वाहणारे रक्त ही कल्पना मागे पडली. भित्ती आणि रक्त यांचा अखंड व्यवहार चालतो, ही जाणीव रुजली.

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशियाच्या सरकारने या तरुण डॉक्टरला अप्पर सायलेशियात पाठवले. तेथे टायफसची साथ होती; वस्ती मुख्यतः पोलिश भाषा बोलणाऱ्या गरीब लोकांची. पिके बुडालेली, घरे अंधारी आणि कोंदट, अंगावर धड वस्त्र नाही. सरकारची अपेक्षा औषधयोजनेची असावी. फिरखोंनी तीनेक आठवडे हिंडून अहवाल दिला तो वेगळाच. तेथेही त्यांनी मृत्यूच्या जागेवरून मागे चालायला सुरुवात केली आणि झोपडीतून ते जमीनदारीपाशी, बेपर्वा नोकरशाहीपाशी आणि लोकांना न कळणाऱ्या भाषेत चालणाऱ्या कारभारापाशी जाऊन पोचले. लोकशाही, लोकांच्या भाषेतून शिक्षण, धर्मसत्तेपासून मुक्त शाळा, रस्ते, शेतीसुधारणा आणि न्याय्य करपद्धती हे उपाय त्यांनी सुचवले. परतल्यावर मार्चमधील क्रांतीत ते बर्लिनच्या मोर्चेबंदीवर उभे राहिले आणि वैद्यकीय सुधारणेसाठी त्यांनी एक साप्ताहिक चालवले. याची किंमत त्यांना मोजावी लागली. नोकरीवर गदा आल्याने १८४९ मध्ये त्यांना व्यूर्ट्सबुर्गला जावे लागले; बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले ते १८५६ मध्ये.

कीर्ती मिळाल्यावर माणसे जुनी मते सोडतात. फिरखोंनी ती नगरपालिकेत नेली. १८५९ पासून मृत्यूपर्यंत ते बर्लिनच्या नगरपरिषदेचे सभासद होते. शहराची घाण बंद गटारांतून बाहेर, शेतांवर नेण्याची होब्रेख्ट या अभियंत्यांची योजना त्यांनी नेटाने पुढे रेटली आणि १८७३ मध्ये तिचे काम सुरू झाले. मांसाची सक्तीची तपासणी, नवी रुग्णालये, शाळांतील आरोग्य यांसाठी ते झगडले. प्रशियाच्या विधिमंडळात त्यांनी बिस्मार्कना एवढे जेरीस आणले, की १८६५ मध्ये त्या पोलादी पुरुषाने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. ते त्यांनी नाकारले. पुढे सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांचे केस, डोळे आणि वर्ण यांची पाहणी करवून त्यांनी शुद्ध जर्मन वंशाची कल्पना निराधार ठरवली. त्या देशाने पुढच्या शतकात हे विसरून काय ओढवून घेतले, ते सर्वज्ञात आहे.

अर्थात या थोर माणसाची देवमूर्ती करणे त्यांच्यावरच अन्याय करण्यासारखे होईल. बाळंतज्वराचे विष डॉक्टरांच्या हातांवरून येते, हे सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांनी दीर्घकाळ मानले नाही. जंतू हेच रोगाचे कारण, या नव्या विचाराकडे ते अखेरपर्यंत साशंकतेने पाहत राहिले. निअँडरथल येथे सापडलेली प्राचीन कवटी त्यांनी रोगाने विकृत झालेल्या माणसाची ठरवली. कारणांची साखळी पेशीपर्यंत आणि समाजापर्यंत नेणारा हा मनुष्य, मधली एक कडी बाहेरून येणाऱ्या सूक्ष्म जीवाची असू शकते, हे मान्य करताना अडखळला. आपल्या सिद्धांतावरचे प्रेम शोधाच्या आड येते, हा धडा त्यांच्या चुकांतून मिळतो. आणि तो त्यांच्या यशाइतकाच मोलाचा आहे.

फिरखोंच्या दृष्टीचे सामर्थ्य नंतरच्या संशोधनाने वाढतच गेले. वाहिनीच्या आतला पेशींचा पातळ थर रक्त गोठू न देणारी आणि वाहिनी सैल करणारी द्रव्ये स्वतः निर्माण करतो, हे १९७६ आणि १९८० च्या शोधांनी दाखवले. त्यांपैकी नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोहिणीला जिथे फाटा फुटतो आणि प्रवाह विस्कळीत होतो, तिथेच भित्तीवर मेदाचा थर प्रथम धरतो. या थराला रोकिटान्स्की रक्तातून आलेला साका म्हणत, तर फिरखो त्याला भित्तीचा दाह मानत. आज दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आढळते. मात्र भित्तीच्या दाहाला आलेले महत्त्व फिरखोंच्या बाजूने बोलते. २०२० मध्ये कोविडने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत सूक्ष्म वाहिन्यांतील गुठळ्या सापडल्या, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा हेच तीन प्रश्न विचारले.

जानेवारी १९०२ मध्ये ऐंशी वर्षांचे फिरखो बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. आज असे हाड मोडलेल्या वृद्धाला रक्त पातळ ठेवणारे औषध दिले जाते आणि शक्य तितक्या लवकर चालते केले जाते, कारण निजून राहिल्याने पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते, हे आता प्रत्येक परिचारिकेलाही माहीत आहे. हे ज्ञान कोठून आले, हे विचारणारे मात्र थोडे.

आपल्याकडे साथ आली की फवारणी होते, चौकशी समिती बसते आणि साथ ओसरताच दोन्ही विसरली जातात. गुठळी जिथे अडकली तिथेच आपण पाहत राहतो. ती जिथून सुटली तिकडे जाणारी वाट लांबची आणि अडचणीची असते. तिच्यावर जमीन, पाणी, शाळा आणि सत्ता यांचे प्रश्न उभे असतात. फिरखो त्या वाटेने गेले. आपल्या विद्यार्थ्यांनी त्रयी अवश्य पाठ करावी. पण शिक्षकांनी तिच्याबरोबर ही वाटही त्यांना दाखवावी.